दीडला भरती, साडेसातला ओहोटी: हरिहरेश्वर ते रत्नागिरी

हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर समुद्र होता. पायऱ्या उतरून खाली गेलो, लाटा पाहिल्या आणि मुकाट वर आलो. वर एक आजोबा कोकम सरबत विकत होते. म्हणाले, "आज बीज ना? मग भरती दीडला. उद्या सकाळी आठाला या, वाट मोकळी मिळेल."

हिशोब कसा, ते त्यांनीच सांगितलं. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. बीज म्हणजे दोन, त्याची पाऊणपट दीड. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला बाराच्या सुमारास. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण पुढचे पाच दिवस आमचं सगळं वेळापत्रक या पाऊणकीवर चाललं. मोबाइलला रेंज नसतानाही ती चालते.

दुसऱ्या दिवशी आठला खरंच वाट उघडी होती. लाटांनी कोरलेल्या त्या खडकांच्या भिंती निवांत बघाव्यात, पण परतायची वेळ आधी ठरवून. इथे माणसं वाहून गेली आहेत. शेवाळलेल्या दगडांवर फोटोसाठी उलटं चालणारे लोक आम्हालाही दिसले.

तिथून जवळच बागमांडला. गाडी फेरीबोटीत घालायची (गावात 'जंगलजेटी' म्हणतात) आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरायचं. इथे आमची चूक झाली. ओहोटी नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे बोट खाली आणि धक्क्याचा उतार पूर्ण उघडा, वर बुळबुळीत. घाईत गाडी सरळ घातली आणि पुढचा बंपर खरवडला. गाडी बुटकी असेल तर पाणी चढेपर्यंत तासभर थांबा. गर्दी असली तरी बोटीवरचा माणूस हात करेल तेव्हाच हलायचं. बाकीच्यांना उतरवून गाडीत एकट्या चालकाने बसलेलं बरं.

मुक्काम वेळासला. नाना फडणविसांचं हे गाव आता कासवांमुळे जास्त ओळखलं जातं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं, आणि आता गावातली घरंच पाहुण्यांची सोय करतात. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, पण त्या दिवशी घरट्यातून पिल्लं वर आली असतील तरच. आमच्या पहिल्या संध्याकाळी एकही नव्हतं, सकाळी सात निघाली. म्हणून इथे एक रात्र राहाच. फ्लॅश बंद, दोरीच्या मागे उभं राहायचं, आणि पिल्लाला उचलून पाण्यात ठेवण्याचा मोह आवरायचा. पुळणीवरून त्याने स्वतःच चालत जायला हवं.

केळशी आम्ही घाईत उरकली. आडे ते आंजर्ले हा टप्पा मात्र दोनदा केला, एकदा जाताना आणि एकदा केवळ हौस म्हणून परत. अरुंद रस्ता, एका बाजूला डोंगर आणि खाली समुद्र. समोरून एसटी आली तर मागे कोणी सरकायचं हे आधीच मनाशी ठरवून ठेवा (तुम्हीच). आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशी उन्हं उतरल्यावर जा, तिथून सुवर्णदुर्ग छान दिसतो. हर्णे बंदरातला मासळीचा लिलाव मासे घ्यायचे नसले तरी बघण्यासारखा, फक्त चपला जुन्या घाला.

पंचमीला दुपारी कर्द्याच्या पुळणीवर एक पांढरी एसयूव्ही चाकांपर्यंत रुतली होती आणि भरती चढत होती. मालक फोनवर, गावकरी दोराला. पाऊणकीने पावणेचारला पाणी भरणार होतं, त्यामुळे गावकऱ्यांची घाई आम्हाला कळत होती. गाडी निघाली, पण मालकाचा चेहरा बघवत नव्हता. वाळू घट्ट दिसली तरी गाडी रस्त्यावरच ठेवा.

दाभोळला चंडिकादेवीच्या गुहेत समईच्या उजेडात वाकून जावं लागतं. खाली फेरीबोट वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला सोडते. २००३ मध्ये ती सुरू झाली, नाहीतर गुहागरला चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. बोट अर्धी रिकामी होती, पाणी वर होतं, बंपर शाबूत. संध्याकाळी गुहागरात फाकपंचमीची (फाल्गुन शुद्ध पंचमी) होळी पेटलेली. शिमग्याच्या पुढच्या दिवसांत चाकरमानी येतात, खोल्या मिळणं अवघड होतं. आम्ही नशिबाने आधी पोचलो.

हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची. कातळातल्या चिंचोळ्या भेगेत लाट शिरते आणि वर उसळते. षष्ठी म्हणून साडेचार धरून चारलाच जाऊन बसलो. वेळ बरोबर, तमाशा फिका. अष्टमी जवळ आली की भरतीचा जोर उतरतो, हे गणितात धरलंच नव्हतं. पाणी जेमतेम कमरेइतकं उडालं. तुम्ही अवस-पुनवेच्या आसपास दुपारी बाराला जा, आणि भेगेच्या तोंडाशी उभे राहू नका.

तवसाळहून जयगडला तिसरी बोट. शेवटची फेरी किती वाजता ते सकाळीच विचारून ठेवा. रोख पैसे जवळ ठेवा, आणि पंप दिसला की टाकी भरा, पुढचा कधी लागेल याचा भरवसा नाही.

सहाव्या दिवशी मालगुंडला केशवसुतांच्या जन्मघरी गेलो, गणपतीपुळ्यात रांग पाहून कळसाला नमस्कार केला, आणि आरे-वारेच्या चढावर गाडी बाजूला घेऊन तासभर बसलो. त्यानंतर रत्नागिरी आणि महामार्ग, ज्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.