अकरावा डोस

कोव्हिशिल्डच्या व्हायलवर दहा डोस लिहिलेले असतात. हात बसलेला असेल तर अकरा निघतात. पाच मिलीची बाटली, अर्ध्या मिलीचा एक डोस. भरताना थोडं वर भरलेलं असतं, कारण सुईत आणि सिरिंजमध्ये काही ना काही अडकून राहणारच. एडी, म्हणजे एकदाच वापरता येणाऱ्या, सिरिंजचा दट्ट्या एकदा शेवटपर्यंत गेला की परत मागे येत नाही, म्हणून चुकीला जागा नसते. व्हायल उलटी धरायची, सुईचं टोक द्रवाबाहेर डोकावू द्यायचं नाही, दट्ट्या घाई न करता ओढायचा, बुडबुडा आलाच तर टिचकी मारून वर घ्यायचा आणि नुसती हवा तेवढी काढायची. शेवटच्या डोसाला व्हायल तिरकी करून रबराच्या कडेला साचलेलं ओढून घ्यायचं. अर्धा मिली पुरता भरला तरच तो डोस. दोन व्हायलींतलं उरलंसुरलं एकत्र करायचं नाही, मग कितीही जीव तुटो. एकोणीस वर्षं बाळांच्या मांड्या टोचून हा हात तयार झालाय, आणि 2021 च्या एप्रिलमध्ये मला त्या अकराव्या डोसाचा फार अभिमान होता.

आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. मी आरोग्य सेविका. इथली निम्मी गावं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परततात. 1 मार्चला साठीच्या वरच्यांना आणि आजार असलेल्या पंचेचाळिशीच्या वरच्यांना लस सुरू झाली, 1 एप्रिलला पंचेचाळिशीच्या वरच्या सगळ्यांना. तेव्हा आमची ही माणसं सांगलीत, कोल्हापुरात, कर्नाटकात उसाच्या फडात होती. तालुक्याच्या आढावा बैठकीत मात्र दर वेळी तोच प्रश्न: तुमच्या केंद्राचा वेग कमी का? माणसंच गावात नाहीत, असं सांगितलं की समोरचे 'जनजागृती करा' म्हणायचे. रिकाम्या घरांपुढे कसली जनजागृती करायची?

माणसं परतली, तर लस आटली. 20 एप्रिल, मंगळवार. त्याआधी दोन दिवस केंद्रावर एकही डोस नव्हता. सकाळी तालुक्याहून सहा व्हायल आल्या. साठ डोस. फाटकाबाहेर दीडशे माणूस. त्यात आदल्या संध्याकाळी दिल्लीहून घोषणा झालेली, 1 मेपासून 18 वर्षांवरच्या सगळ्यांना लस. त्यामुळे रांगेत मिशी न फुटलेली पोरंही उभी. त्यांना घरी पाठवण्यातच तासभर गेला. साठ टोकन वाटली, बाकीच्यांना 'उद्या बघू' म्हणून परत धाडलं. संचारबंदीत एस.टी. नाही की जीप नाही, त्यामुळे गेलेला माणूस गेलाच.

दुपारी बाराच्या सुमाराला गावातल्या एका पुढाऱ्याचा पुतण्या आला. वय तीसेक, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत. 'सिस्टर, आपलं काही जमतंय का?' मी म्हटलं, यादीबाहेर एकही नाही, अगदी माझा सख्खा भाऊ आला तरी. तो गेला. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले होते, आणि खरं सांगते, बोलून बरं वाटलं होतं.

त्यानंतर टोकन 41 आणि 42. नवरा-बायको, ऊसतोडीचा एक कोयता. आमच्याकडे दोघं मिळून एक कोयताच म्हणतात, मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम, उचल, तीही कोयत्यावरच मिळते. नवऱ्याच्या आधारवर 1970. त्याची नोंद झाली, मी टोचलं. बायकोचं आधार आमच्या ऑपरेटरने घेतलं आणि थांबला. त्यावर छापलेलं, जन्म वर्ष 1979. पोर्टलला 1977 च्या आधी जन्मलेला माणूस हवा होता.

मी मान वर करून पाहिलं. गालफडं बसलेली, पुढचे दोन दात गेलेले, कोयता धरणाऱ्या हाताच्या तळव्याला खापरासारखी कातडी. उन्हात राबलेल्या बाईचं वय चेहऱ्यावरून सांगू नये हे मला कळतं, पण ही बेचाळिसाची नव्हती. सोबत मुलगा होता, मोबाइल त्याचाच. 'माझं 1 तारखेला होईल का?' म्हणून त्याने आपलं आधार पुढे केलं. जन्म वर्ष 1988.

ऑपरेटरने दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि म्हणाला, 'मॅडम, मावशींना नवव्या वर्षी पोरगा झाला की!'

तो हसला. मुलगाही हसला. मी पण हसले.

ती नाही हसली. म्हणाली, 'शाळेत कार्डं काढाय बसले व्हते, तवा त्या पोरानं इचारलं वय किती. म्या म्हनलं असंल तीस-बत्तीस. त्यानं लिवलं.'

आमच्या भागात हे नवं नाही. मास्तरांनी 1 जून लावलेली निम्मी पिढी आहे, आणि जी शाळेतच गेली नाही तिला आधारच्या पोऱ्याने वजाबाकी करून वर्ष दिलं. एरवी त्यावाचून काही अडत नाही. त्या दिवशी अडलं. मी म्हटलं, मावशी, दहा दिवस थांबा, 1 तारखेला तुमचंही होईल. ती जाऊन कडुलिंबाखाली बसली. त्यांची वस्ती सात किलोमीटरवर, मुलगा परतीच्या टेम्पोची सोय बघायला गेला होता.

सहावी व्हायल मी 1 वाजून 50 मिनिटांनी उघडली. उघडल्याची वेळ मार्करने लेबलवर लिहायची आणि तिथून चार तास. त्यानंतर आत काहीही राहो, टाकायचं. सर्व्हर रखडत होता, एकेका नोंदीला दहा-दहा मिनिटं. तिचं टोकन दुसऱ्याला देऊन साठ टोकनं संपायला साडेचार झाले. सहापैकी चार व्हायलींतून मी अकरावा डोस काढला होता, म्हणजे चार जास्तीचे. आशाताईंनी फोन लावले, एक जण सायकलवर आला, एकीला तिच्या सुनेने धरून आणलं. आणखी तिघांकडे ताई स्वतः गेल्या. एकाला ताप होता, एक म्हणाला लस घेतल्यावर शेजारचा गेला, मला नको, आणि एकाच्या घराला कुलूप. सकाळी ज्या नव्वद जणांना परत पाठवलं ते वस्त्यांवर, तांड्यांवर पांगलेले. टीव्हीवर त्या आठवड्यात एक बाजू म्हणत होती लस नाही, दुसरी म्हणत होती लोक घेत नाहीत. आमच्या ओट्यावर दोन्ही एकाच दिवशी खरं होतं.

पाच वाजून पाच मिनिटं. व्हायलमध्ये दोन डोस, कडुलिंबाखाली ती.

मी डॉक्टरांकडे गेले. बंधपत्रावर आलेला सव्वीस वर्षांचा मुलगा, कामाला वाघ. पण तेव्हा तो कुणासाठी तरी ऑक्सिजनचा बेड शोधत एका कानाला एक आणि दुसऱ्या कानाला दुसरा फोन लावून उभा होता. म्हणाला, 'बघा सिस्टर, नियमात बसत असेल तर.' या खात्यात मी हे वाक्य इतक्या साहेबांच्या तोंडून ऐकलंय की त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. काही झालं तर तुमचं तुम्ही बघा.

ऑपरेटर म्हणाला, वर्ष 1976 टाकून बघू का? मी नको म्हटलं. खोटी नोंद माझ्या लॉगिनवर होणार. नोंद न करता टोचायचं, तर दुसरा डोस कुठून देणार, आणि रात्री ताप येऊन काही झालं तर कुठल्या कागदावर दाखवणार? हे सगळे विचार खरे होते. त्याखाली आणखी एक होता, तो मी घरी जाईपर्यंत स्वतःशीही बोलले नाही: दुपारी त्या पुतण्याला चारचौघांत काय सुनावलं होतं? आता यादीबाहेरची एक बाई टोचली, तर उद्या तो फाटकात येऊन काय म्हणेल?

सव्वापाचला कुठे मला मतदान कार्ड आठवलं. ओळखपत्र म्हणून ते चालत होतं आणि त्यावर वय वेगळं असू शकतं. धावत जाऊन विचारलं. ती म्हणाली, आहे, पण घरी पेटीत. सात किलोमीटर जाऊन-येऊन, पेटी उघडून, पस्तीस मिनिटांत? मुलगा टेम्पो घेऊन आला तेव्हा साडेपाच झाले होते. मी म्हटलं, उद्या-परवा घेऊन या.

बाराला विचारलं असतं तर? तेव्हा मी हसत होते.

5 वाजून 50 मिनिटांनी व्हायल बाजूला ठेवली. रजिस्टर लिहायला बसले आणि पेन थांबलं. मिळाले डोस 60. दिलेले 62. वाया? रकाना साठातून वजाबाकी करतो. तो म्हणत होता, उणे दोन. म्हणजे आमच्याकडे काही वाया गेलंच नव्हतं, उलट दोन जास्तीचे निघाले होते. जे दोन डोस मी माझ्या हाताने टाकले ते कागदावर कधी नव्हतेच.

त्याच रात्री बातम्यांत माहिती अधिकारातला आकडा आला. 11 एप्रिलपर्यंत राज्यांनी वापरलेल्या 10.34 कोटी डोसांपैकी 44 लाखांवर वाया गेले. पडद्यावरच्या चौकटींतली माणसं एकमेकांवर ओरडत होती. माझे दोन त्यात नव्हते. पुढे 4 मेला केरळच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की त्यांना 73,38,806 डोस मिळाले आणि त्यांनी 74,26,164 दिले. पंतप्रधानांनी तिथल्या परिचारिकांचं कौतुक केलं. वाचून ऊर भरून आला, कारण तो हात काय असतो हे मला माहीत आहे. आमच्या आढावा बैठकीतही त्या आठवड्यात टाळ्या पडल्या, उणे वेस्टेजवाल्या केंद्रांसाठी. मीही उभी राहिले.

एप्रिलच्या सुरुवातीला आपले तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहून 25 वर्षांवरच्यांना लस द्या म्हटलं होतं. तेव्हाचे केंद्रीय आरोग्य सचिव राजेश भूषण यांचं म्हणणं होतं की लस ज्याला हवी त्याला नाही, ज्याला गरज आहे त्याला द्यायचीय. दोन्ही बाजूंनी लोक तुटून पडले. मला सचिवांचं म्हणणं तेव्हाही पटत होतं, साठ डोस आणि दीडशे माणूस असताना दुसरं काय करणार? फक्त गरज आहे हे ठरवणार कोण? आधारच्या पोऱ्याची वजाबाकी?

तिसऱ्या दिवशी ती आली. सात किलोमीटर चालत. पदराच्या गाठीतून मतदान कार्ड काढलं. 1-1-2007 रोजी वय 34. म्हणजे अठ्ठेचाळीस. पक्की बसत होती. आणि फाटकावर माझ्याच हाताने लिहिलेला फलक, 'लस शिल्लक नाही'.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. 1 मेपासून 18 ते 44 ला फक्त ऑनलाइन नोंदणी. आमच्या केंद्राच्या वाट्याला ते आलंच नाही. 12 मेला राज्याने या गटाचं लसीकरण थांबवून साठा पंचेचाळिशीवरच्यांच्या दुसऱ्या डोसाकडे वळवला. 13 मेला कोव्हिशिल्डचं अंतर 12 ते 16 आठवडे झालं, त्यामुळे तिच्या नवऱ्याची तारीखही पुढे गेली. तिला कार्ड असूनही पहिला डोस मिळेना, कारण जे येत होतं ते दुसऱ्यासाठी राखीव. मे महिन्यात तिला ताप येऊन गेला, आठ दिवस वस्तीवरच पडून होती. तपासणी झाली नाही. कोरोना होता की नव्हता, आता कोण सांगणार.

परवा घरात जेवताना भाचा वाद घालत होता. 17 सप्टेंबरला एका दिवसात अडीच कोटी, 21 ऑक्टोबरला 100 कोटी, एवढा वेग जगात कुणी दाखवला? त्याचा मित्र म्हणाला, मग एप्रिल-मेमध्ये तो वेग कुठे गेला होता? दोघांकडे आकडे होते. मला विचारलं, आत्या, तू तर होतीस ना तिथं? मी भात वाढला.

21 जूनपासून केंद्र सरकारकडून 18 वर्षांवरच्या सगळ्यांना मोफत आणि थेट केंद्रावर नोंदणी सुरू झाली. आमच्याकडे पुरेसा साठा यायला जुलै उजाडला. ती आली, या वेळी मतदान कार्ड आणि आधार दोन्ही घेऊन. आता वयाचा प्रश्नच नव्हता, ऑपरेटरने समोर आलं ते आधार घेतलं. मी डावा दंड पुसला, टोचलं, कापूस दाबून धरायला सांगितला. अर्धा तास ती त्याच कडुलिंबाखाली बसली.

जाताना प्रिंट मागायला आली. मुकादम गाडीत बसवायच्या आधी कागद मागणार म्हणतात, म्हणाली. ऑपरेटरने काढून दिली. तिने ती माझ्यापुढे धरली, 'काय लिवलंय, वाचा की बाई.'

मी नाव वाचलं, लसीचं नाव वाचलं, तारीख वाचली. मग वय वाचलं, 42.

'बेचाळीस?' तिने कागदाची घडी घातली आणि पदरात बांधली. 'बरं झालं. मुकादमाला दाखवते. अजून चार हंगाम उचल दील.'