रिपोर्ट चांगले आले त्या दिवशी

आज ह्यांनी दुलीरामचे पेढे आणले. मॅमोग्राफी, छाती-पोटाचं सीटी, खालची सोनोग्राफी, कुठेच काही निघालं नाही म्हणून. देवापुढे ठेवले, शेजारी दिले, वन्संना फोन झाला. वन्सं जरा जास्तच हसून बोलत होत्या. का, ते मला कळतं. असो.

माझ्या हातातला पेढा मात्र तोंडात घालवेना. आनंद का होत नाही मला?

डॉक्टर बोलल्या तेव्हा हेही शेजारीच बसले होते. डर्मॅटोमायोसायटिस, म्हणजे माझा हा त्वचेचा आणि स्नायूंचा आजार, मोठ्या वयात झाला की कॅन्सर आधीच कुठे दडलेला असू शकतो, किंवा मागाहून निघू शकतो. बहुतेकांना निघत नाही. पण पहिलं वर्ष सगळ्यात जोखमीचं, आणि तीनेक वर्षं तरी लक्ष ठेवायचं. त्यात माझ्या रक्तात टीआयएफ-वन गॅमाची अँटीबॉडी सापडली आहे, ती असली की कॅन्सरची शक्यता जास्त, म्हणजे तपासण्या पुन्हा पुन्हा. मग आजचा रिपोर्ट आजच्यापुरताच ना? एवढं कुणालाच कसं दिसत नाही?

सकाळी केस विंचरताना हात कानापर्यंत जातो आणि गळून पडतो. मग कोपर टेबलावर टेकवायचं आणि डोकंच कंगव्यापाशी न्यायचं. पापण्या जांभळ्या, बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे. हे सगळ्यांना दिसतं, त्याची विचारपूस होते. भीतीची होत नाही. घाबरले की लगेच, 'अगं, सगळं चांगलं आलंय ना!' चांगलं आलंय म्हणून मी रडायचंही नाही का?

संध्याकाळी मनाशी ठरवलं होतं, ह्यांना सांगायचं, पुढच्या वेळी पेढे नकोत. मग वाटलं, का नकोत? स्टेरॉइडने सीपीके, म्हणजे स्नायूंची झीज दाखवणारा रक्तातला आकडा, उतरतोय, परवा मी खुर्चीचा हात न धरता उठले, ते ह्यांनीच आधी पाहिलं. त्यांना आणू देत. दर तपासणीनंतर आणावे लागोत. मी त्या दिवशी खाणार नाही, दुसऱ्या दिवशी खाईन, आणि त्या रात्री मला कुणी समजवायला येऊ नये. एवढं आज जेवताना बोलून टाकलं. हे 'बरं' म्हणाले.

उद्या तपासणीसाठी रक्त द्यायला दांडिया बाजारात जायचंय. सातलाच निघू, ऊन लागलं की गळ्याखालचे चट्टे पेटतात.