चतुर्दशी की षष्ठी

धाकट्या पणजोबांची तारीख सापडल्यापासून मन थाऱ्यावर नाही. नोंद त्रोटक आहे: शिपाई, 117 वी मराठा पलटण, मृत्यू 21 जून 1916, बसरा स्मारक. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेत ही पलटण होती. त्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली ती 29 एप्रिलला. म्हणजे ते गेले ते त्यानंतर, तुर्कांच्या कैदेत. आमच्या घरात मात्र ते शंभर वर्षे संगीन परजून लढता लढता पडत आले आहेत, आणि शस्त्राने मरण आले म्हणून पितृपक्षात त्यांचे पान चतुर्दशीलाच वाढले जाते.

जुन्या पंचांगाप्रमाणे त्या दिवशी ज्येष्ठ वद्य षष्ठी होती. हे आत्याला सांगितले, तर तिने वातीवरची नजरही उचलली नाही. "चतुर्दशी आहे, चतुर्दशीच राहील," एवढे म्हणून ती वाती वळत राहिली. भावंडांना कळवले, तर दोघांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली आणि बोलणे पुन्हा लग्नाच्या हॉलच्या भाड्यावर गेले. रात्री जागून शोधलेली गोष्ट घरात कोणालाच नको आहे, याचे इतके वाईट वाटले की जेवण गेले नाही.

मग विचार करू लागले, की मला तरी ती हवी होती का? वेढा 7 डिसेंबर 1915 पासूनचा. पुणे डिव्हिजनमधल्या 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी त्यात सापडल्या होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे कापले गेले; हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली, तरी कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस तोंडात घातले नाही आणि स्कर्व्हीने त्यांना पोखरले. अखेर सुमारे 13,000 माणसे शरण गेली. फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड यांची रवानगी इस्तंबूलजवळच्या बेटावर झाली आणि तिथे ते आरामात राहिले. त्यांच्या शिपायांना उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात बगदाद-मोसूलच्या वाटेने चालवत नेले, आणि त्यांतल्या पुष्कळांना आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपले. संगीन परजलेला माणूस डोळ्यांसमोर सहज उभा राहतो. अनवाणी, भुकेला, मागे पडत चाललेला माणूस मला उभा करवत नाही, आणि तरीही गेले काही दिवस तोच दिसतो आहे. त्याला मरण आले ते कोणत्या शस्त्राने म्हणायचे?

बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या, कबरीचा पत्ता नसलेल्या 40,000 हून अधिक लोकांची नोंद आहे. गोऱ्या सैनिकांची नावे कोरलेली. हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीचे नाव आणि खाली नुसता आकडा. 1997 मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने ते अख्खे स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेले गेले. 2021 मध्ये ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या युद्धकबरींच्या आयोगाने नावांतल्या या भेदभावाबद्दल माफी मागितली. माफीचे ते निवेदन मी वाचले. आत्याला दाखवले नाही.

कारण पणजोबांचे नाव आमच्या देवघरात आहेच. युद्धात गेलेल्यांच्या घरी सरकारकडून आलेली ती काशाच्या रंगाची, तळहाताएवढी जड चकती: त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे स्त्रीरूप, पुढे सिंह, आणि चौकटीत उठावाच्या इंग्रजी अक्षरांत त्यांचे नाव, हुद्द्याशिवाय. धाकट्या पणजीला वाचता येत नव्हते. त्रिशूळ आणि सिंह पाहून तिने ती भवानी मानली आणि मरेपर्यंत हळदकुंकू वाहिले. बोटांनी त्या बाईचे नाक पार झिजले आहे. नावाच्या चौकटीतल्या खोबणींत कुंकू घट्ट बसले आहे. साम्राज्याच्या देवीला साताऱ्याकडच्या एका विधवेने परस्पर तुळजापूरची करून टाकले, याचे मला आज पहिल्यांदाच हसू आले. त्या बाईने चतुर्दशी धरली असेल, तर ती बदलणारी मी कोण?

संध्याकाळी आत्याला म्हटले, चतुर्दशी राहू दे, पण षष्ठीलाही मी एक पान वाढीन. ती बराच वेळ गप्प राहिली.

"वाढ," ती म्हणाली. "पण वड्यांचं पीठ तुझं तू भिजव. मी दोनदा तळणार नाही."