दोन मीटर सावली

एप्रिलच्या शेवटी दुपारी बारा वाजता नागपूरच्या व्हेरायटी चौकात सिग्नलला थांबलेल्या गाड्यांकडे बघा आणि कुठली मुलगी कोण ते सांगा. सख्ख्या आईलाही नंबरप्लेट बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही. वीस स्कूटरवर वीस गाठोडी बसलेली असतात. डोळ्यांवर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे, अंगात पांढरा सनकोट आणि डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेला स्कार्फ. वर भिंतीएवढ्या होर्डिंगवर एखादी नटी उघड्या खांद्यांनी साबण नाहीतर सोनं विकत हसत असते. तिच्या त्या हसऱ्या चेहऱ्याखाली एकही चेहरा दिसत नाही.

फॅशनच्या जगात वर्षाचे दोन हंगाम, आणि कपडे सहा महिने आधीच मंचावर चालून दाखवतात. सीताबर्डीच्या बाजाराचा हिशेब सोपा आहे. महाशिवरात्र झाली की मेन रोडच्या हातगाड्यांवर स्कार्फच्या चळती लागतात आणि होळीनंतर रोज दिसेनाशा होत जातात. या शहरात २३ मे २०१३ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. इथला कुठलाही ट्रेंड आधी या आकड्याला विचारून येतो.

बाहेरगावच्या माणसाला हा स्कार्फ म्हणजे गोरं राहण्याचा खटाटोप वाटतो. थोडा आहेही, नाही कशाला म्हणायचं. पण मूळ कारण वेगळं आहे. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३४-३५ अंश असतं. हवा त्याहून गार असेल तर गाडीवरचा वारा सुखाचा वाटतो. हवा ४४ अंशांची झाली की तोच वारा भट्टीच्या तोंडासारखा लागतो. घाम सुकवतो आणि वर भाजतो. म्हणून अशा उन्हात कपडे कमी करण्यापेक्षा सैल, सुती कापडानं अंग झाकणंच बरं. स्कार्फ ओला करून घट्ट पिळून बांधला तर घरोघरच्या कूलरची ताटी जे करते तेच तो करतो: हवा कोरडी असते, पाणी उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं. पंधरावीस मिनिटांत खडखडीत वाळतो, तेवढ्यात धरमपेठ येतं. एक मात्र लक्षात ठेवायचं. पांढरं पातळ सुती कापड ओलं झालं की त्यातून अतिनील किरण जास्त आत येतात. ओला करायचाच तर रंगीत आणि घट्ट विणीचा घ्या, किंवा दुहेरी घडी ठेवा.

आता कापड. लांबी दोन मीटर, पन्हा नव्वद सेंटिमीटर ते एक मीटर. पंजाबी ड्रेसवरची ओढणी सव्वादोन-अडीच मीटर असते, तिची टोकं लोंबत राहतात. दुकानातला देखणा स्टोल पावणेदोन मीटरचा निघतो, त्यात चेहरा झाकला तर मान उघडी पडते. दुकानदार सगळ्यालाच प्युअर कॉटन म्हणतो. त्याचं ऐकून घ्यायचं आणि काठाचा एक धागा घरी जाळून बघायचा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर असेल तर धागा आक्रसतो आणि टोकाला कडक मणी होतो. रेयॉन इथे फसवतो, कारण तोही कागदासारखाच जळतो. त्याचा धागा ओला करून ओढायचा, लगेच तुटतो. रेयॉन अंगाला गार लागतो हे खरं, पण डोक्यावरून घसरतो आणि पहिल्या धुण्यात आखडतो. जॉर्जेटचं तर नावच नको, अजनी पुलावर पोचेपर्यंत नाक उघडं.

"ताई, रंग जाणार नाही, गॅरंटी!" या वाक्यावर दीडशे रुपये द्यावेत, विश्वास देऊ नये. कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबला की गॅरंटी कळते. मे महिन्यात घामानं कपाळावर उतरलेला जांभळा पट्टा ऑफिसात सगळ्यांच्या आधी शिपायाला दिसतो. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो ही समजूत घराघरात आहे, पण आजच्या तयार रंगांवर मिठाचा तसा उपयोग होत नाही. सुटा रंग निघून जाईपर्यंत, पाणी नितळ येईपर्यंत, दोनतीनदा गार पाण्यात वेगळा धुवायचा, एवढंच.

बांधणं ही मात्र खरी कला. स्कार्फ लांबीतून दुमडून पंचेचाळीस-पन्नास सेंटिमीटरचा पट्टा करायचा. दुमडलेली कड भुवईच्या एक बोट वर. डावीकडे सत्तर सेंटिमीटर, उजवीकडे उरलेला एक मीटर तीस. डावं टोक हनुवटीखालून उजवीकडे घेऊन बोटांत धरून ठेवायचं. उजवं टोक नाकावरून आडवं डाव्या कानाकडे, तिथून मानेमागून फिरवून पुन्हा उजवीकडे. दोन्ही टोकांची गाठ उजव्या कानाखाली, मानेच्या खळग्यात. उरलेलं टोक कुर्त्याच्या गळ्यात खोचायचं, पाठीवर सोडायचं नाही. गाठ डोक्यामागे मधोमध बांधली की हेल्मेट तिच्यावर बसतं आणि पुढे कलतं. मग रस्त्याऐवजी स्वतःचा स्पीडोमीटर दिसत राहतो. हेल्मेटचा पट्टा कापडावरून लावायचा आणि लावल्यावर एकदा ओढून बघायचा, कारण जाड कापड पाच मिनिटांत दबतं आणि पट्टा ढिला होतो. केस खाली, वेणीत किंवा मानेवरच्या अंबाड्यात. झुमके पर्समध्ये, नाहीतर आकडा कापडात अडकून कानाची पाळी ओढली जाते. नाकावर दोनच थर. तिसरा आला की श्वास वरच्या बाजूनं निघतो आणि चष्म्यावर वाफ धरते. चष्मा कापडाच्या कडेवर दाबून बसवायचा आणि हनुवटीखाली एक बोट जाईल इतकी सैल जागा ठेवायची, म्हणजे श्वास खालून जातो. वाचायला एवढा वेळ लागला, पण सवयीची मुलगी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत हे उरकते, तेही दातांत गाडीची किल्ली धरून.

सुटं टोक खोचायचं कारण काही बारीकसारीक नाही. १४ सप्टेंबर १९२७ला फ्रान्समधल्या नीस शहरात, त्या काळची जगप्रसिद्ध नर्तिका इसाडोरा डंकन उघड्या मोटारीत बसली. गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ मागच्या चाकात गुंतला आणि ती जागीच गेली. आपल्याकडे मोटारसायकलच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्यांची ओढणी आणि पदर रोज त्याच चाकाच्या शेजारी असतो. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं साधन सक्तीचं करतो. साडी गार्ड म्हणतो ते हेच. गाडी "क्लीन" दिसावी म्हणून ते काढून टाकणारे बहाद्दर आहेतच. त्यांच्या मागे बसणाऱ्या बाईला त्या सौंदर्यदृष्टीत काही मत नसतं.

सिनेमावाल्यांचा या सगळ्याशी संबंध आहे, पण उलट्या दिशेनं. नटीचा एअरपोर्ट लुक म्हणजे दारापासून गाडीपर्यंतचं तीस पावलांचं अंतर, आणि गाडीत एसी. तो लुक तसाच अंगावर चढवून हिंगणा रोडला निघालं तर एमआयडीसी येईपर्यंत त्याचं भरीत होतं. १९६०मध्ये कपाळावर कापलेल्या बटा घेऊन साधना पडद्यावर आली आणि देशभर साधना कट झाला. मूळ हेतू रुंद कपाळ झाकण्याचा. त्या बटा हल्ली नव्या नावानं परत आल्यात आणि इथल्या पार्लरमध्ये फेब्रुवारीत कापूनही घेतल्या जातात. एप्रिलमध्ये स्कार्फखाली त्या घामानं कपाळाला चिकटतात, तिथं पुरळ उठतं, आणि जूनपर्यंत सगळ्या पिनेनं मागे जातात. उलट वाळल्यावर न पुसली जाणारी मॅट लिपस्टिक इथे पाय रोवून बसली. तिचं श्रेय कुठल्या नटीला देण्यापेक्षा स्कार्फच्या आतल्या बाजूला द्यावं.

छापाची लाट मात्र थेट वरून येते. एखाद्या नटीनं लग्नात अजरख मिरवलं की काही महिन्यांत सीताबर्डीवर अजरखच अजरख. खरं अजरख कच्छमध्ये ठशांनी, नीळ आणि मंजिष्ठेसारख्या रंगांत, एकेका कापडाला कित्येकदा धूत-वाळवत छापतात. हातगाडीवरचं स्क्रीन प्रिंट असतं. उलटी बाजू पांढुरकी दिसली की समजावं. गुंडाळायला ते चालतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आरशांच्या कामाबद्दल आहे. पंचेचाळीस अंशांत तापलेला आरसा नाकाला लागला की फॅशन म्हणजे काय ते कळतं. काठाला गोंडे असतील तेही कापून टाकावेत, हेल्मेटच्या बकलात अडकतात.

एरवी कपडा बाईबद्दल फार बडबड करतो. डिसेंबर १९२७मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळं बसवून सांगितलं होतं की आखूड लुगडं नेसण्याची तऱ्हा, गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या गोट-पाटल्या ही तुमची जात ओळखण्याची खूण झाली आहे, ती टाका. पुढे जुलै १९४२मध्ये याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली तेव्हा बायका हजारोंनी आल्या. त्या मानानं सिग्नलवरचं गाठोडं अगदीच मुकं. जात, रूप, वय, लग्न झालं की नाही, काही कळत नाही. गाडी कुठली, मोजे कुठले यावरून घरची परिस्थिती कळते म्हणा, पण तेवढंच. बँकेच्या आणि सराफाच्या दारावर "चेहरा झाकून आत येऊ नये" अशी पाटी असते ती त्यामुळेच. आणि फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळीही, ऊन गेल्यावरही, काही स्कार्फ सुटत नाहीत तेही त्यामुळेच. त्यात आपण पडायचं कारण नाही.

जगाची नजर चेहऱ्यावर आणि कपड्यांवर किती घट्ट चिकटते हे नागपूरच्याच बुद्धिबळपटू दिव्या देशमुखनं जानेवारी २०२४मध्ये स्पष्ट सांगितलं. नेदरलँड्सच्या वाइक आन झे इथली स्पर्धा आटोपल्यावर तिनं लिहिलं की प्रेक्षक कपडे, केस, उच्चार, सगळ्यावर बोलतात, फक्त खेळावर बोलत नाहीत. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. जुलै २०२५मध्ये बाटुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून ती महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. लगेच तिचे मुलाखतीतले फोटो मोबाइलवर फिरले. त्यांखालच्या कमेंट्सही वाचल्या तर जानेवारी २०२४ काही फार मागे पडलेलं दिसत नाही.

पाऊस आला की स्कार्फचा हंगाम संपतो. हवा दमट, कापड सुकत नाही, वास धरतो, घडी घालून ठेवला तर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते जाता जात नाहीत. ठेवायचाच तर कडक उन्हात वाळवून मे महिन्याअखेरच ट्रंकेत टाकावा. पुढे नवरात्रात तो रंगासाठी बाहेर निघतो. त्या नऊ रंगांना पोथीचा आधार नाही, वर्तमानपत्रांनी ते रुळवले. पण हिशेब पक्का आहे: सात रंग वारांना बांधलेले. रविवार केशरी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी. घट कुठल्या वारी बसतात ते बघितलं की पहिले सात दिवस पाठ. दरवर्षी अडतं ते राखाडीवर. ऑफिसातल्या अर्ध्याजणी त्या दिवशी उन्हाळ्यातला धुवट काळा स्कार्फ राखाडी म्हणून खपवतात.

महत्त्वाकांक्षा हा शब्द तसा सभेतला आहे. नागपुरात तिचं रोजचं रूप म्हणजे सकाळी सातची बॅच, दुपारी अभ्यासिका, नाहीतर वर्धा रोडनं मिहानमधल्या कंपनीतली ड्यूटी. त्यातलं अंतर या दोन मीटरमध्ये काटायचं. डॉक्टर व्हायचं असेल त्यांचा दिवस मे महिन्यात येतो. नीटचा पेपर दुपारी दोनला सुरू होतो, फाटक दीडला बंद. नियम म्हणतो पूर्ण बाह्या नकोत, दागिना नको, जाड तळव्याचे बूट नकोत. वर्षभर झाकून ठेवलेले हात नेमके त्या दुपारी अर्ध्या बाह्यांत. केंद्राबाहेर एकेक गाठोडं सुटतं. आधी गॉगल, मग मोजे, मग उजव्या कानाखालची गाठ. गॉगलची पट्टी सोडून बाकी चेहरा निराळ्याच रंगाचा. प्रवेशपत्र हातात, बाकी सगळं बापाच्या हवाली. फाटक लागतं. पलीकडे कडुनिंबाखाली बाप लोक उभे असतात, कुणाच्या खिशात कांदा, कुणाच्या हातात पन्ह्याची बाटली. जागा सावलीची, पण झळ तिथंही लागतेच. थोडा वेळ इकडे तिकडे बघून त्यातला एक लेकीचा गुलाबी बांधणीचा स्कार्फ उलगडतो, डोक्यावर टाकतो आणि गाठ कुठे मारायची ते शेजारच्याला विचारतो.