पांडवलेणी, विकिपीडिया आणि संदर्भ
नाशिकच्या पांडवलेण्यांच्या लेखात भर घालायची म्हणून आज मराठी विकिपीडियाचे संपादनाचे नियम नीट वाचले. सगळ्यात पटला तो पडताळणीचा. लेणे क्रमांक ३ मधल्या शिलालेखात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम कोरवून घेतला आहे. बऱ्याच नाशिककरांना हे ऐकून माहीत असतं. पण विकिपीडियावर ऐकीव माहिती चालत नाही, प्रकाशित आणि विश्वासार्ह संदर्भ लागतो. लेण्यात उभं राहून स्वतः काढलेला निष्कर्षही चालत नाही. पांडव इथे राहिले होते हे लिहिता येतं, पण लोककथा म्हणूनच. फार योग्य आहे हे! गावाच्या प्रेमापोटीच किती दंतकथा इतिहास म्हणून फिरतात.

‘भव्य’, ‘अप्रतिम’ ही विशेषणंही बाहेर. पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा उतरवायचा नाही. सराव धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या पानावर; मतभेद लेखाच्या चर्चापानावर. प्रत्येक बदलाची नोंद राहते, त्यामुळे कुणी बिघडवलेलं पूर्ववत करता येतं.

उद्या सार्वजनिक वाचनालयात जाणार आहे. १८४० पासूनचं वाचनालय गावात असताना संदर्भाविना लिहायचं कशाला? लेण्यांवरची चांगली पुस्तकं माहीत असतील तर नाव आणि पान क्रमांक नक्की कळवा.