पदराच्या गाठीतल्या पाच गोळ्या

रात्री नऊला आमच्या वॉर्डात गोळ्यांची ट्रॉली फिरते. गोळी, पाण्याचा ग्लास, मग "आ करा, जीभ वर करा." मनोविकाराच्या वॉर्डात हे करावंच लागतं, कारण गोळी गालात ठेवून नंतर थुंकणारे पुष्कळ. सोळा वर्षं हेच करतेय, त्यामुळे मला कुणी गंडवू शकत नाही असा माझा समज होता.

बा आमच्या पेशंट, साठीच्या, घाटकोपरच्या. झोप उडालेली, कुणीतरी हाका मारतंय असे भास. पाचव्या रात्री मावशी चादर बदलत होत्या, तेव्हा बांच्या पदराची गाठ सुटली आणि ओलान्झापिनच्या (भासांवरचं औषध) पाच गोळ्या कॉटवर पडल्या, अर्धवट विरघळलेल्या. (पदर होता, कारण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला स्वतःचे कपडे घालायचा हक्क दिलाय. वॉर्डाचा गाऊन असता तर गोळ्या थेट संडासात गेल्या असत्या आणि कळलंही नसतं.)

माझ्याच अक्षरात पहिल्या रात्रीची नोंद होती: 'रात्री पाणी नको म्हणतात. पाण्यात काही कालवलंय असा संशय?' शेजारच्या कॉटवरच्या बाईला खरोखरच तसं वाटायचं, म्हणून मी तेच इथे चिकटवलं. शिफ्ट बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये उतरवता उतरवता ते प्रश्नचिन्ह गळालं. खाली आणखी एक: 'रात्रीचं जेवण परत, भूक मंद.' झाली की दोन लक्षणं!

मी कॉटवर टेकले नि विचारलं, "बा, पाणी का नको?"

"सूरज आथमी गयो ने, बेन."

चौविहार. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमाराला अंधारतं आणि आमची जेवणाची ट्रॉली साडेसातला येते. म्हणजे बाई पाच दिवस संध्याकाळची उपाशी! आणि केस पेपरवर पहिल्याच पानावर, 'धर्म' या रकान्यात, जैन. भरला होता, वाचला कुणीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोस साडेपाचला आणला. ओलान्झापिन रिकाम्या पोटी चालते, भरल्या पोटीही, म्हणून सोपं गेलं. त्याच प्रकारची दुसरी गोळी, लुरासिडोन, असती तर पंचाईत होती, ती किमान 350 कॅलरींच्या जेवणासोबतच नीट लागू पडते. मुलगा पाचला डबा आणू लागला, कांदा-बटाटा नसलेला. इव्हिनिंगच्या स्टाफने कुरकुर केली, एका पेशंटसाठी वेगळी ट्रॉली कोण फिरवणार म्हणून. फिरवली. बा आठला घोरायला लागल्या.

मला स्वतःचीच लाज वाटली ती वेगळ्या कारणाने. मी कुडाळकडची. आमच्या काकीच्या अंगात वारं यायचं, ती घुमायची, पण ती वेडी आहे असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही. आपल्या माणसांचं आपल्याला बरोबर कळतं. दुसऱ्याचं साधं पाणी नाकारणं मात्र मी आजारात टाकलं.

त्यानंतर मी विचारत सुटले. 2019 ला रमजान मे महिन्यात आला होता, ऐन उन्हाळ्यात. लिथियमवरचा (मूड स्थिर ठेवणारं औषध) एक नागपाड्याचा मुलगा ओपीडीत यायचा. दिवसभर पाणी नाही आणि वर घाम, की रक्तातलं लिथियम वाढतं: हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. त्याला रोजे ठेवायचेच होते. मी आधीच डॉक्टरांच्या कानावर घातलं, रक्ताची तपासणी झाली, डोस इफ्तारनंतर, इफ्तार ते सहरी भरपूर पाणी. दहाव्या दिवशी हात थरथरायला लागला, तशी त्याची आईच म्हणाली, "बीमार को छूट है, बेटा." आमच्या कुणाच्याही सांगण्यापेक्षा ते लवकर पोचलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. गेल्या वर्षी 'जैन' वाचलं आणि एकवीस वर्षांच्या पोराचं सगळं वेळापत्रक मनाने ठरवून टाकलं. साडेपाचला गोळ्या घेऊन हजर! तो मोबाईलमधून डोकं वर काढून म्हणाला, "सिस्टर, मी रात्री ऑम्लेट-पाव खातो. फक्त मम्मीला सांगू नका."