मध द्यावा का?

काउंटरपलीकडून कुणी "मूल खोकतंय, सिरप द्या" म्हणालं की मी आधी वय विचारते. वर्ष पूर्ण झालेलं असेल, ताप नसेल, धाप लागत नसेल, तर सिरपची बाटली काढण्याआधी मी मधाचं नाव घेते. औषधविक्रेतीला हे परवडणारं नाही, पण साध्या सर्दीच्या खोकल्यावर बहुतेक सिरपांचा गुण यथातथाच. झोपण्यापूर्वी छोटा चमचाभर मध दिला तर रात्रीचा खोकला थोडा उतरतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये १४ अभ्यास एकत्र तपासले, त्यांचाही कौल मधाच्या बाजूनेच होता. 'थोडा' हा शब्द मात्र मी मुद्दाम वापरते. धाप लागली किंवा खोकला तीन आठवड्यांवर गेला, तर सरळ डॉक्टरकडे.

बाळ वर्षाच्या आतलं असेल तर उत्तर एकच: बोटाला लावूनसुद्धा नाही. इथे आज्यांशी माझी हमखास जुंपते. "अगं, शुद्ध आहे, डोळ्यांदेखत पोळ्यातून काढलाय!" असेल हो. पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू शुद्ध मधातही असू शकतात. आपल्या आतड्यातले जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि तिथेच विष तयार करतात. आधी शौचाला होत नाही, मग रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही, मान सावरत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायूही दमतात. उकळूनही हे बीजाणू मरत नाहीत, तेव्हा तोही उपाय नको.

मधुमेहाच्या गोळ्या नेता नेता "साखर सोडली, आता मधच घेतो" असं सांगणारेही असतात. मधात साधारण ८० टक्के साखरच असते. ७ ग्रॅमच्या छोट्या चमच्यात जवळजवळ ६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनाही तिची गणना वरून घातलेल्या साखरेतच करते. म्हणजे ग्लुकोमीटर फसत नाही.

जखमेवर मध लावतात त्यामागे तथ्य आहे. तो आम्लधर्मी असतो, त्यात पाणी कमी असतं, आणि पातळ झाला की त्यातल्या एका विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पण दवाखान्यात वापरतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. स्वयंपाकघरातली बरणी भाजलेल्या हाताजवळ नेऊ नका.

आता त्या बरणीचं. तळाशी रवाळ झाला म्हणून तो भेसळीचा ठरत नाही. त्यातलं ग्लुकोज गोठतं, एवढंच. कोमट पाण्यात बरणी ठेवली की सैल होतो. पाण्यात थेंब टाकून केलेल्या परीक्षेवर माझा काडीचा विश्वास नाही, साखरेचा घट्ट पाकही तसाच तळाला जातो. चमचा तेवढा कोरडा ठेवा. पाणी शिरलं की मध आंबतो, आणि आंबूस वास येऊन वर फेस धरला असेल तर तो टाकून द्या.